एक जूनच्या बायका

बावीस नोव्हेंबर, गुरुवार. काम: कागदांच्या पिना काढणे.

ऑफिसात कागद कातरायचं मशीन आलं होतं आणि त्याला लोखंड चालत नव्हतं. एक पिन आत गेली की दात अडकायचे, जळका वास यायचा आणि मशीन थंड होईपर्यंत अर्धा तास वाया जायचा. म्हणून कपाटातले जुने फॉर्म काढायचे, चिमट्याने पिना उचकटायच्या आणि मग चार-चार कागद मशीनला भरवायचे, असं चाललं होतं. वरून पत्र आलं होतं. सर्व माहिती क्लाउडवर सुरक्षित असल्यामुळे कागदी नोंदी महिनाअखेरपर्यंत नष्ट कराव्यात आणि तसं प्रमाणपत्र पाठवावं. प्रमाणपत्रावर सही माझी लागणार होती.

आमचं ऑफिस बारामतीत, एका औषधाच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर. काम आरोग्याच्या संशोधनाचं, परदेशातल्या एका विद्यापीठासाठी. इंदापूर तालुक्यातल्या काही गावांमधली घरं निवडलेली आहेत. दरवर्षी त्या घरांतल्या मोठ्या माणसांचं वजन, रक्तदाब, लघवी, रक्त तपासायचं, ते काय खातात, काय फवारतात, कुठलं पाणी पितात ते विचारायचं आणि लिहून ठेवायचं. माणसाची मूत्रपिंडं कशामुळे बिघडतात ते शोधण्यासाठी ही सगळी माहिती गोळा होते. मी या कामावर पहिल्या दिवसापासून आहे. आधी घरोघर फिरत होते, आता फिरणाऱ्या बायकांवर देखरेख करते. पहिल्या प्रशिक्षणात आम्हाला एक वाक्य शिकवलं होतं: आपण उपचार करत नाही, आपण नोंद करतो. पुढे नव्या बायकांना मी ते न चुकता शिकवलं.

एवढं मात्र होतं की कुणाचा रिपोर्ट बिघडलेला आला, तर त्या माणसाला घरी जाऊन सांगायचं आणि दवाखान्याची चिठ्ठी द्यायची. कागदाच्या दिवसांत ते काम माझ्याकडे होतं. लॅबकडून छापील चिठ्ठ्यांचा गठ्ठा यायचा. मी तो टेबलावर पसरायचे, वाईट आकड्यांवर लाल खूण करायचे आणि दुसऱ्या दिवशी त्या घरी जायचे. रक्त घेणारी आणि रिपोर्ट सांगणारी बाई एकच असली की लोक ऐकतात.

कागदाचं कौतुक मी करणार नाही. एक अख्खा गठ्ठा वाळवीने खाल्ला. बावड्याचे फॉर्म एकदा आमचीच एक बाई एसटीत विसरली. ते चार दिवसांनी इंदापूरच्या स्टँडवर मिळाले तेव्हा वरच्या दोन फॉर्मवर कुणीतरी भेळ खाल्लेली होती. त्यामुळे क्लाउड येणार म्हटल्यावर आनंद झालेल्यांत मी पहिली होते. पुण्याहून साहेब शिकवायला आले. क्लाउड म्हणजे ढग, हे सांगून झाल्यावर गावोगाव ज्या कोट्या व्हायच्या त्या झाल्या. सगळीकडे त्याच, म्हणून इथे लिहीत नाही. साहेब म्हणाले, टॅबवर भरा, रेंज आली की माहिती आपोआप वर जाईल आणि जगात कुठूनही बघता येईल.

जगात कुठूनही हे खरं निघालं. फक्त बारामतीहून बघता येत नव्हतं. आमच्या लॉगिनने माहिती वर पाठवता यायची, घरातल्या माणसांची यादी आणि कुणाचं काम झालं त्याची खूण दिसायची. रिपोर्ट उघडत नव्हता. कारण विचारलं तर गोपनीयता. ज्या बाईच्या लघवीची बाटली मी स्वतः हातात धरून आणली, तिचा आकडा मी बघितला तर तिची गोपनीयता जाते आणि परदेशातल्या माणसाने बघितला तर राहते. बिघडलेले रिपोर्ट आता सिस्टीम शोधणार होती आणि मेसेज पाठवणार होती, चांगल्यालाही आणि वाईटालाही. लॅबच्या चिठ्ठ्या सुरुवातीला काही महिने येत राहिल्या. त्या वाचायच्या नाहीत, फक्त फॉर्मला टोचून ठेवायच्या, असा आदेश होता. मी तो पाळला. खरं म्हणजे एक काम कमी झालं म्हणून बरं वाटलं.

आता चूक कुठे झाली ते सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यापायी झालं.

आमच्या नोंदींत काही बायका दोनदा यायच्या. बाई सासरी बावड्याला नोंदलेली असायची, बाळंतपणाला माहेरी निरवांगीला गेली की तिथेही कुणीतरी तिचं रक्त काढायचं. एक बाई, दोन नावं, दोन नोंदी. याची तक्रार मीच केली होती, लेखी. त्यावर वरच्यांनी नियम काढला. व्हिडिओवर मीटिंग झाली. साहेबांनी विचारलं, "गाव, आडनाव, मोबाइल नंबर, जन्मतारीख, आणि बाई की पुरुष. हे पाच जुळले तर सिस्टीम दोन नोंदी एक करेल. चालेल ना, मॅडम?" मी विचारलं, यात पहिलं नाव का नाही? ते म्हणाले, तुमच्या बायका एकाच नावाचं इंग्रजी स्पेलिंग तीन तऱ्हेने करतात, नावावर भरवसा ठेवता येत नाही.

आमच्याकडे ज्याला जन्मतारीख माहीत नाही त्याची जन्मतारीख एक जून असते. शाळेत नाव घालताना गुरुजी वय बसेल असं साल धरायचे आणि तारीख एक जून टाकायचे, कारण शाळा जूनमध्ये भरते. तीच तारीख दाखल्यावर, तीच आधार कार्डावर. निरवांगीत एक जूनला सगळ्यांनी केक कापायचा म्हटलं तर गावजेवणच घालावं लागेल. शाळेचं तोंड न बघितलेल्या बायकांची तारीख आम्हीच टाकत होतो, कारण टॅब तारखेशिवाय पुढे सरकत नाही. "एक जून टाक आणि पुढं हो," हे माझेच शब्द. मोबाइलचा रकानाही रिकामा चालत नाही. सुनेला नंबर विचारला की ओसरीवरून सासरा आपला सांगतो. म्हणजे एका घरातल्या दोन सुनांचं गाव एक, आडनाव एक, नंबर एक आणि तारीख एक. सालही जमलं की झालं.

मीटिंगमध्ये हे माझ्या लक्षात आलं नाही असं म्हणायला मला जागा आहे. पण लक्षात आलं होतं. त्या दिवशी पाच गावांची माहिती वर जायची अडकून पडली होती आणि मला उठायचं होतं. शिवाय अशी एखादी अडचण सांगितली की "छान मुद्दा आहे, मॅडम, तुम्हीच याचा तक्ता करून पाठवा" असं उत्तर यायचं आणि तो तक्ता कुणी वाचायचं नाही. मी "चालेल" म्हणाले.

आणि ज्यांच्यासाठी नियम केला त्या बायका दोनदाच्या दोनदाच राहिल्या. माहेरी आडनाव बापाचं, नंबर बापाचा. सिस्टीमला त्या कधी सापडल्याच नाहीत.

तर बावीस तारखेला सकाळी साडेदहाच्या सुमारास निरवांगीचा गठ्ठा हातात होता. एका फॉर्मची पिन काढली आणि मागची चिठ्ठी खाली पडली. उचलताना आकडा दिसला. क्रिएटिनिन १.९. मूत्रपिंड नीट काम करत नसलं की रक्तातला हा आकडा वाढतो. तिशीतल्या बाईला एकच्या आत असायला हवा. फॉर्मवरचं नाव बघितलं. गावाच्या खालच्या अंगाला नदीकडे पेरूची बाग असलेलं घर. आबा, त्यांचे दोन मुलगे, दोन सुना. नाव धाकट्या सुनेचं होतं. चिठ्ठीला दोन वर्षं होत आली होती.

टॅब उघडून त्या घराची यादी काढली. कागदावर माणसं पाच होती, टॅबमध्ये चार. धाकटी नव्हती. थोरल्या सुनेच्या नावापुढे दोन्ही वर्षांच्या खुणा होत्या.

मी पुण्याला साहेबांना फोन लावला. डेटा सांभाळणारे हेच. वयाने माझ्याहून लहान, बोलायला गोड.

"हां, दिसतंय," ते म्हणाले. "डुप्लिकेट होती मॅडम, मर्ज झाली. उलट चांगलंच."

"डुप्लिकेट नाही. जाऊ आहे."

"पण पाचही गोष्टी जुळतायत."

"जुळणारच. जन्मतारीख कुठली आहे?"

"एक जून."

"आणि आबांची बघा. आणि थोरल्या मुलाची."

त्यांनी यादी उघडली. कळफलकाचा आवाज येत होता. मग म्हणाले, "ही काय भानगड आहे?"

मी भानगड सांगितली. त्यांनी विचारलं, "हे आधी कुणी सांगितलं का नाही?" मी म्हटलं, "ते मागाहून बोलू. धाकटीचा आकडा कुठे गेला?"

तो गेला नव्हता. क्लाउडवरून काहीच जात नाही, हे त्यांनी मला दोनदा सांगितलं. एकाच आठवड्यात एका बाईचे दोन रिपोर्ट आले असं समजून सिस्टीमने नंतरचा वर ठेवला होता आणि आधीचा खाली दाबला होता. नंतरचा थोरलीचा होता आणि तो चांगला होता. आबांच्या नंबरवर इंग्रजीत मेसेज गेला होता की रिपोर्ट नॉर्मल आहे.

"अशा आणखी किती असतील?" मी विचारलं.

"बघावं लागेल."

"आता बघा. एक जून टाका आणि बघा."

पुन्हा कळफलक. "बरेच आहेत," ते म्हणाले. आकडा सांगितला नाही.

मग त्यांचा आवाज बदलला, सरकारी झाला. नोंदी वेगळ्या करायच्या तर संशोधनावर देखरेख करणाऱ्या समितीची मंजुरी लागेल, समिती पुढच्या महिन्यात बसेल. तोपर्यंत त्या बाईशी संपर्क करू नका, कारण नॉर्मल असं कळवून झालंय, आता उलट काही कळवायचं तर कसं कळवायचं तेही समितीच ठरवेल. मी म्हटलं, मूत्रपिंड समितीसाठी थांबत नाही. ते म्हणाले, "मला समजतंय मॅडम, पण आपण उपचार करत नाही ना."

मशीनचं बटण बंद केलं. चिठ्ठी पर्समध्ये टाकली. ऑफिसातला कागद बाहेर नेला तर नोकरी जाऊ शकते हे मीच नव्या बायकांना सांगत आले आहे. डबा खाल्ला आणि स्कूटर काढली.

भवानीनगर सोडल्यावर उसाच्या ट्रॅक्टरमागे अडकले. दोन ट्रॉल्या, वर बाहेर आलेली उसाची टोकं, आणि गाणं इतक्या मोठ्याने की हॉर्न वाजवून काही उपयोग नाही. जंक्शन गावापर्यंत त्याच्या मागेच गेले. आबांच्या घरी पोचायला तीन वाजले.

आबा ओसरीवर बसून पेरूला घालायच्या फोमच्या जाळ्या मोजत होते. फळ झाडावर असतानाच त्याला ही जाळी आणि वर प्लॅस्टिकची पिशवी घालतात, म्हणजे डाग पडत नाही. मला बघून म्हणाले, "या म्याडम. यंदाचं रगत तर नेलं की तुमच्या बायांनी. आता काय ऱ्हायलं?"

"धाकटीकडं काम आहे, आबा."

"बागंत हाय. का वो?"

मी रिपोर्टचं विचारलं. त्यांनी बंडीच्या खिशातून फोन काढला आणि बोटाने वर सारत सारत जुना मेसेज शोधून दाखवला. मेसेज पुसलेला नव्हता. "ह्यो बघा. नॉर्मल. शाळेतल्या गुरुजीकडनं वाचून घेतला व्हता."

"हा एकच आला?"

"एकच."

"सुना दोन आणि मेसेज एक. तुम्हाला काही वाटलं नाही?"

"काय वाटायचं? एकीचा नॉर्मल म्हंजी दोघींचा नॉर्मल. एका चुलीवरचं खात्यात, एका हिरीचं पाणी पित्यात."

आमच्या पाच गोष्टी आणि त्यांची एक चूल, हिशेब सारखाच होता.

दोघी जावा बागेत होत्या. धाकटी हात वर करून पिशव्या बांधत होती, थोरली खाली बसून जाळ्या उलगडत होती. धाकटीचे पाय मी आधी बघितले. पावलं सुजलेली, चपलेच्या पट्ट्याखाली खळगा पडलेला होता. तोंडही सकाळी उठल्यासारखं सुजट.

"पाय कधीपासून सुजतात?"

"उभं ऱ्हाऊन ऱ्हाऊन सुजत्यात, बाई. पिशव्या बांधायच्या म्हंजी दिवसभर असंच हात वर. कंबर तर विचारू नका."

"मग कंबरेला काय घेतेस?"

तिने कमरेच्या पिशवीतून गोळ्यांची पट्टी काढली. दुखण्यावरची, चौकातल्या दुकानात मिळते ती. चार गोळ्या संपलेल्या होत्या. "सकाळी एक, सांच्याला एक. लई दुखलं तर मधी एक."

"कधीपासून?"

"दोन बहार झालं, दोन वरीस व्हत आलं."

ज्याचं मूत्रपिंड बिघडलेलं आहे त्याने या गोळ्या खायच्या नसतात. हे सांगायला डॉक्टर लागत नाही, आमच्या घरोघर फिरणाऱ्या बायकांनाही ते पाठ आहे. दोन वर्षांपूर्वी तिला एका वाक्यात सांगता आलं असतं.

मी तिला खाली बसायला सांगितलं आणि चिठ्ठी दाखवली. थोरली दहावीपर्यंत शिकलेली. तिने आकडा वाचला आणि कंसातला असायला हवा तो आकडाही वाचला. मी सगळं सांगितलं, काही गाळलं नाही. सिस्टीमने दोघींना एक धरलं, थोरलीचा रिपोर्ट दोघींचा झाला, धाकटीचा दाबला गेला.

धाकटीला राग आला नाही, निदान लगेच नाही. तिने विचारलं, "म्हणून काय ह्या साली? तुमची बाई आली व्हती. आक्काचं रगत घेतलं. मी हात पुढं केला तर म्हणली, तुमचं नाव न्हाय यंदा, तुमी उठा. मी म्हणलं, बरं हाय, सुई वाचली."

ती बाई माझीच होती. टॅबमध्ये नाव नसेल त्याचं रक्त घ्यायचं नाही, हा नियमही मीच घालून दिलेला.

"लग्नात सासरच्यांनी नाव बदललं," धाकटी म्हणाली, "आन् तुमी तर माणूसच काढून टाकलं."

"गप गं," थोरली तिला म्हणाली आणि माझ्याकडे वळली. "बाई, तुमी एवढ्या वर्षांच्या येणाऱ्या. आमी तुमाला रगत दिलं, मुतून बाटल्या भरून दिल्या, सासऱ्यासमोर. संडास कुठं करता तेबी सांगितलं. आन् ही बया दोन वरीस हितं गोळ्या खातीया, तर तुमच्यात एकाला बी आठवलं न्हाय की ह्या घरात दुसरी सून हाय?"

मी म्हटलं, "नाही आठवलं."

"मग कशाला लिहून घेता?"

या प्रश्नाला आमच्याकडे चार पानांचं छापील उत्तर आहे, संमतीपत्राला जोडलेलं. ते मला पाठ आहे. मी ते म्हटलं नाही.

सकाळी सात वाजता येते, तिला बारामतीला सरकारी दवाखान्यात नेते, असं मी सांगितलं. आबा तोवर काठी टेकत बागेत आले होते. म्हणाले, "उद्या न्हाय जमायचं. उद्या माल तोडायचा हाय, धाला गाडी येणार. परवा न्या."

"परवा शनिवार. मूत्रपिंडाचे डॉक्टर नसतात."

"मग सोमवारी न्या. दोन वरीस काय झालं न्हाय, तीन दिसात काय हुतंय?"

"दोन वर्षांत झालंय आबा, तेच सांगतेय."

"तुमीच म्हणलं नॉर्मल. आता तुमीच म्हणताय न्हाय. पुढल्या साली अजून तिसरंच म्हणाल. आमी कुठल्या कागदाला मान द्यायचा?"

ते चुकीचं बोलत नव्हते. आमच्या शब्दाला त्यांनी दोन वर्षं मान दिला होता, फोनमध्ये जपून ठेवला होता. शेवटी थोरलीच उठली. हातातल्या जाळ्या तिने पाटीत टाकल्या. "मामंजी, तिच्या वाट्याचा माल मी तोडते. दोन पाट्या कमी भरत्याल. तिला जाऊ द्या." आबा पुटपुटत मागे वळले. नाही म्हणाले नाहीत, एवढंच मी धरलं.

गोळ्यांची पट्टी मी मागून घेतली. धाकटी द्यायला तयार नव्हती. "मग उद्या कंबर?" म्हणाली. कंबर दुखणार, असं सांगितलं.

बारामतीला परत येईपर्यंत सहा वाजले. जिना चढत होते तोच साहेबांचा फोन आला.

"मॅडम, तुमच्या लॉगिनवरून त्या घराची यादी आज नऊ वेळा उघडली गेलीय. इथे नोंद दिसते. तुम्ही संपर्क केलात का?"

"केला."

"लेखी खुलासा द्यावा लागेल."

"देते. त्यात मी एक जूनचंही लिहिणार आहे. मीटिंगमध्ये मला माहीत होतं आणि मी बोलले नाही, तेही लिहिणार."

"ते कशाला लिहिताय?" ते एकदम घाईने म्हणाले. "त्याने तुम्हीच अडचणीत याल." आणि मग, माझ्या भल्यासाठी बोलावं तसं, "मॅडम, संशोधनाचा पेपर जवळजवळ तयार आहे. परदेशातली मंडळी पुढच्या आठवड्यात तो छापायला पाठवतायत. आता पाठीमागे जाऊन नोंदी सुट्या करायच्या म्हणजे सगळं विश्लेषण परत."

मग मला कळलं की समिती पुढच्या महिन्यात का बसणार आहे.

"कागद नष्ट केल्याचं प्रमाणपत्र तेवढं उद्या पाठवा," ते म्हणाले.

मी म्हटलं, मशीन बंद आहे. एक जूनची प्रत्येक बाई कागदावर मोजून झाल्याशिवाय ते चालू होणार नाही आणि सही मिळणार नाही. ते म्हणाले, मग मला वर कळवावं लागेल. कळवा म्हटलं. आवाज चढवला नाही. चढवला असता तर उद्या तेवढंच लक्षात राहिलं असतं. घरी जाऊन भाजी फोडणीला टाकली आणि खुलासा लिहायला बसले. दीड पान झालं. मराठीत लिहिला. त्यांना इंग्रजीत हवा असेल तर त्यांनी भाषांतर करून घ्यावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला निरवांगीच्या फाट्यावर पोचले तेव्हा धाकटी आधीच येऊन उभी होती, एकटी, नवी साडी नेसून, हातात चपात्यांची पिशवी. स्कूटरवर मागे बसवलं आणि बारामतीला आणलं. केसपेपर काढला, रक्त द्यायला पाठवलं. रिपोर्ट साडेअकराला आला. आकडा ३.१ होता.

डॉक्टरांनी रक्तदाब घेतला, पाय दाबून बघितले, गोळ्यांची पट्टी बघितली आणि आधी कधी तपासलं होतं का म्हणून विचारलं. मी जुनी चिठ्ठी पुढे केली. त्यांनी तारीख वाचली. तिला म्हणाले, "तेव्हाच का नाही आलीस? जेवढं गेलं ते परत येत नाही. आता राहिलेलं सांभाळायचं."

"किती गेलं?" तिने विचारलं.

"निम्म्याहून जास्त."

ती माझ्याकडे बघत राहिली. मी डॉक्टरांना सांगितलं, तिला कुणी कळवलं नव्हतं, कळवायचं काम माझं होतं. त्यांनी मान वर केली, मग पुन्हा खाली घालून सोनोग्राफीचा कागद लिहायला घेतला. सोनोग्राफीची रांग दुसऱ्या इमारतीत होती, पुढे बारा-पंधरा माणसं. तिला भिंतीशी बाकावर बसवलं, पाय वर घ्यायला लावले, आणि कागद घेऊन रांगेत उभी राहिले.